शिक्षेनंतरचा न्याय : कैद्याच्या अपिलाचा हक्क आणि त्याची वाट

नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका विद्यापीठीय अध्यापकास तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक असलेल्या या डॉक्टरेटधारक गृहस्थांनी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा बनावट शिक्का तयार करवून खोट्या पदव्या देण्याचा प्रयत्न केला, असा त्यांच्यावर आरोप होता. सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते. शिक्षा मात्र न्यायालयाचे कामकाज उठेपर्यंतची साधी कैद आणि दंड एवढीच दिली होती. सरकारने ती अपुरी असल्याचे सांगून उच्च न्यायालयात दाद मागितली आणि शिक्षा तीन वर्षांवर गेली. निकालाची मोफत प्रत येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे वेळेत पाठवण्यात आली. इथपर्यंत सारे नियमानुसार झाले होते.

ती प्रत कैद्याच्या हाती पडली का, हा प्रश्न त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळाने सर्वोच्च न्यायालयासमोर आला. प्रत मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे होते. प्रत दिली होती, पण राज्यपालांकडे पाठवायच्या शिक्षामाफीच्या अर्जाला जोडण्यासाठी ती परत घेतली, असे कारागृहाचे म्हणणे होते. प्रत मिळाल्याची कैद्याची सही असलेला एकही कागद दप्तरी नव्हता. प्रकरण सुनावणीस आले तेव्हा शिक्षेची पूर्ण मुदत भोगून झाली होती.

‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १७ ऑगस्ट १९७८ रोजी निकाल लागला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या या निकालात याचिका फेटाळण्यात आली, कारण दोषसिद्धीत हस्तक्षेप करण्यासारखे काही आढळले नाही. परंतु त्याच निकालाने देशातील प्रत्येक कैद्यासाठी काही गोष्टी कायमच्या ठरवून दिल्या. स्वातंत्र्य हिरावून घेणाऱ्या शिक्षेविरुद्ध निदान एकदा तरी अपील करता आले पाहिजे आणि ते अपील करण्याची साधने, म्हणजे निकालाची प्रत आणि वकील, कैद्याला मिळाली पाहिजेत. ती नसतील, तर संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील ‘कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धती’ला अर्थ उरत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे.

दोषी ठरलेल्या माणसाच्या हाती कोणते मार्ग उरतात, त्यांच्या मुदती काय आणि गोव्यातील कैद्याने किंवा त्याच्या घरच्यांनी कोणाकडे जावे, याची माहिती पुढे दिली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असल्याने कलमांचे क्रमांक नव्या संहितेप्रमाणे दिले आहेत. अपिलाची मूळ रचना बव्हंशी पूर्वीचीच आहे.

निकालाची प्रत

अपिलाची सुरुवात निकालपत्रापासून होते. संहितेच्या कलम ४०४ नुसार आरोपीला कारावासाची शिक्षा झाली, की निकाल जाहीर होताच त्याची प्रत त्याला मोफत देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. त्यासाठी अर्ज करण्याची किंवा शुल्क भरण्याची आवश्यकता नाही.

याच कलमात मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आणखी एक तरतूद आहे. आरोपीने अर्ज केल्यास निकालाची प्रमाणित प्रत, अथवा त्याची इच्छा असल्यास आणि शक्य असल्यास त्याच्या स्वतःच्या भाषेतील अनुवाद, विनाविलंब द्यावा लागतो. निकाल अपीलयोग्य असेल, तर त्यासाठीही पैसे आकारता येत नाहीत. निकालपत्र इंग्रजीत असते आणि कैद्याला व त्याच्या घरच्यांना ते वाचता येत नाही, ही परिस्थिती नित्याची आहे. आपण नेमक्या कोणत्या पुराव्यावर दोषी ठरलो, हे कळल्याशिवाय अपिलात काय मांडायचे हे वकिलाला सांगता येत नाही. त्यामुळे हा अर्ज करणे हिताचे असते. ‘शक्य असल्यास’ या शब्दांमुळे हा हक्क निरपवाद नाही, तरी अर्ज केल्याशिवाय त्याचा विचारही होत नाही.

मृत्युदंडाची शिक्षा असेल, तर अपिलाची मुदत किती आहे, हे आरोपीला तोंडी सांगण्याची जबाबदारीही न्यायालयावर आहे. वरच्या न्यायालयाचा निकाल कारागृहामार्फत कैद्याकडे जात असेल, तर अधिकाऱ्यांनी तो तत्काळ पोचवून लेखी पोच घ्यावी, असे होस्कोट निकालाने स्पष्ट केले. येरवड्यातील न सापडलेल्या सहीमुळे हा नियम घालावा लागला.

अपील कोणत्या न्यायालयात

कलम ४१५ मध्ये अपिलाची उतरंड दिली आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवले असेल, तर साधारणतः सत्र न्यायालयात अपील होते. सत्र न्यायाधीश किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी दोषी ठरवले असेल, अथवा कोणत्याही न्यायालयाने सात वर्षांहून अधिक कारावास दिला असेल, तर उच्च न्यायालयात जावे लागते.

गोव्यात याचा अर्थ असा, की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्धचे अपील त्या त्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, तर सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे अपील पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर चालते. गोवा बाल कायदा, २००३ खाली स्थापन झालेल्या बाल न्यायालयाच्या निकालांना आव्हानही उच्च न्यायालयातच दिले जाते. गोवा खंडपीठाचे कामकाज ३० ऑक्टोबर १९८२ पासून सुरू आहे. त्याआधी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय हे इथले सर्वोच्च स्थानिक न्यायपीठ होते. सीमेपलीकडे बेळगावच्या हिंडलगा कारागृहात असलेल्या आणि त्याच जिल्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्याचे अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते. कैदी कोणत्या कारागृहात आहे यावर नव्हे, तर शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली यावर अपिलाचे ठिकाण ठरते.

काही निकालांविरुद्ध अपील करता येत नाही किंवा मर्यादित प्रमाणातच करता येते. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल, तर सत्र अथवा दंडाधिकारी न्यायालयाच्या निकालातील केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यांनाच आव्हान देता येते. किरकोळ दंडाच्या प्रकरणांतही अपिलाची दारे बंद आहेत. ‘लवकर सुटशील’ या आशेने गुन्हा कबूल करणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा नंतरच कळते.

मृत्युदंडाबाबत आणखी एक संरक्षण आहे. सत्र न्यायालयाने दिलेला मृत्युदंड उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येऊ शकत नाही. कैद्याने अपील केले नाही, तरीही ही तपासणी होते.

मुदत : ३०, ६० आणि ९० दिवस

मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी ६० दिवस आणि सत्र न्यायालयासारख्या अन्य न्यायालयात अपील करण्यासाठी ३० दिवस मिळतात. सत्र न्यायालयाने दिलेल्या मृत्युदंडाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करण्यासाठी सर्वसाधारणपणे ९० दिवस असतात.

ही मोजणी करताना निकालाचा दिवस आणि प्रमाणित प्रत मिळवण्यासाठी लागणारा वेळ वगळला जातो. मुदत उलटली म्हणून अपील कायमचे संपले, असेही नाही. विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्यास कलम ५ अन्वये न्यायालय विलंब माफ करू शकते. निकालाची प्रत न मिळणे, वकील नसणे, घरी कोणी पाठपुरावा करणारे नसणे, ही कारणे कैद्याच्या बाबतीत सहसा सहानुभूतीने पाहिली जातात. मात्र ती कागदावर दाखवता आली पाहिजेत. प्रत कधी मागितली, कधी मिळाली, अर्ज कोणाकडे दिला, याच्या तारखा लिहून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

कोठडीतून अपील

अपील करायला वकील हवाच, न्यायालयात कोणीतरी प्रत्यक्ष जायलाच हवे, असा सार्वत्रिक समज आहे. कलम ४२४ वेगळे सांगते. कैदी आपला अपिलाचा अर्ज आणि सोबतच्या प्रती कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि त्या अधिकाऱ्याने तो संबंधित न्यायालयाकडे पाठवलाच पाहिजे. यालाच व्यवहारात ‘जेल अपील’ म्हणतात. अर्ज कोणत्या भाषेत, किती सुबक लिहिला आहे, हे दुय्यम असते. कोणत्या खटल्यात, कोणत्या तारखेच्या निकालाविरुद्ध आणि कशासाठी दाद मागायची, एवढे त्यातून कळले पाहिजे.

असे अपील सहजासहजी फेटाळता येऊ नये, याचीही तजवीज कायद्यात आहे. कैद्याला बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय जेल अपील प्राथमिक टप्प्यावरच निकालात काढता येत नाही. अपील अगदीच निरर्थक आहे किंवा कैद्याला समक्ष हजर करणे प्रकरणाच्या मानाने फारच गैरसोयीचे आहे, असे न्यायालयाचे मत झाले तरच त्याला अपवाद करता येतो. अपिलाची मुदत संपण्यापूर्वीही ते असे फेटाळता येत नाही, कारण दरम्यान कैद्याला वकील मिळून अधिक नीट मांडलेले अपील येऊ शकते.

वकील हजर राहिला नाही म्हणून अपील फेटाळले जाण्याची भीती अनेक कुटुंबांना असते. ‘बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की दाखल करून घेतलेले फौजदारी अपील केवळ गैरहजेरीमुळे निकाली काढता येत नाही. न्यायालयाने अभिलेख वाचून गुणवत्तेवर निर्णय द्यायचा असतो, आणि अपीलकर्ता कारागृहात असेल, तर त्याच्यासाठी सरकारी खर्चाने वकील नेमता येतो.

मोफत वकील : उत्पन्नाची अट नाही

४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे उद्दिष्ट ठरले. होस्कोट निकालाने ते अपिलाच्या टप्प्याशी जोडले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र याचिका म्हणून स्वीकारले गेले. त्या निकालाने महाराष्ट्रातील कारागृहे आणि कोठड्यांपर्यंत कायदेविषयक मदत पोचवण्याची यंत्रणा उभी करण्याचे निर्देश दिले.

आज ही मदत १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मिळते. त्यातील कलम १२ फार थोड्यांना ठाऊक असते. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट न घालता हा हक्क दिला आहे. तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात हेलपाटे घालण्याची गरज कैद्याच्या कुटुंबाला नाही. सत्र न्यायालयातील अपिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयासाठी उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आणि दिल्लीसाठी सर्वोच्च न्यायालयाची विधी सेवा समिती, असे हे तीन टप्पे आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनी नातेवाइकांनाही वापरता येते.

हक्क असूनही तो वापरला जात नाही, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सुहास चकमा विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात नवे निर्देश दिले. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने दोषसिद्धीच्या, जामीन नाकारण्याच्या किंवा अपील फेटाळण्याच्या निकालाच्या प्रतीला एक स्वतंत्र पान जोडण्याची सूचना उच्च न्यायालयांनी विचारात घ्यावी, असे सांगितले. वरच्या न्यायालयात जाण्यासाठी मोफत वकील मिळतो आणि तो कोठे मिळेल, हे त्या पानावर लिहिलेले असावे, अशी ही कल्पना आहे. कारागृहांतील कायदा साहाय्य केंद्रांचे काम नियमित तपासले जावे, असेही या निकालात नमूद आहे.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन

अपील दाखल झाले, म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. त्यासाठी कलम ४३० खाली वेगळा अर्ज करावा लागतो. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली असेल, आरोपी खटल्यादरम्यान जामिनावर असेल आणि आपण अपील करणार आहोत असे त्याने सांगितले, तर शिक्षा देणाऱ्या न्यायालयानेच त्याला अपील दाखल करण्यापुरता जामीन द्यायचा असतो. नाकारायचा असेल, तर विशेष कारणे असावी लागतात. त्याहून मोठ्या शिक्षेत अपील न्यायालयाकडे जावे लागते. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक कारावासास पात्र गुन्हा असेल, तर सरकारी वकिलांना लेखी हरकत मांडण्याची संधी दिल्यावरच निर्णय होतो.

अपिलाची सुनावणी वर्षानुवर्षे होणार नसेल, तर काय? ‘कश्मीरा सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या १९७७ च्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांनी या प्रश्नाला हात घातला. पाच-सहा वर्षे शिक्षा भोगल्यानंतर तो माणूस निर्दोष ठरला, तर त्याची ती वर्षे कोण परत देणार, असा त्या निकालाचा सूर होता. वाजवी काळात अपील ऐकता येत नसेल, तर सबळ कारण नसल्यास जामीन द्यावा, हे तत्त्व तेथून रूढ झाले.

अमली पदार्थविरोधी कायद्याखालील शिक्षांचा विषय गोव्यात नेहमी चर्चेत असतो. त्या कायद्याच्या कलम ३२-अ ने शिक्षा स्थगित करण्यासच मनाई केली होती. ‘दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांचा हा अधिकार काढून घेण्यापुरते ते कलम घटनाबाह्य ठरवले. मात्र व्यावसायिक प्रमाणातील साठ्यासारख्या गंभीर प्रकरणांत कलम ३७ मधील कठोर अटी आजही लागू आहेत.

दोन गोष्टींची गल्लत टाळावी. शिक्षा स्थगित झाली, तरी दोषसिद्धी कायम राहते. त्यामुळे सरकारी नोकरी किंवा निवडणुकीसाठीची अपात्रता त्यातून आपोआप दूर होत नाही. त्यासाठी दोषसिद्धीलाच स्थगिती मागावी लागते आणि ती अपवादानेच मिळते. दुसरे म्हणजे, अपील अखेर फेटाळले गेले, तर जामिनावर बाहेर काढलेला काळ शिक्षेत धरला जात नाही. याउलट, खटल्याआधी आणि खटल्यादरम्यान कोठडीत काढलेले दिवस कलम ४६८ नुसार शिक्षेतून वजा होतात.

अपिलात काय होऊ शकते

पहिले अपील म्हणजे खटल्याचाच पुढचा भाग. अपील न्यायालय साक्षीपुरावे नव्याने तपासू शकते. ते आरोपीला निर्दोष सोडू शकते, फेरखटल्याचा आदेश देऊ शकते, गुन्ह्याचे कलम बदलू शकते किंवा शिक्षा कमी करू शकते. आवश्यक वाटल्यास कलम ४३२ खाली अतिरिक्त पुरावाही घेता येतो.

‘अपील केले आणि शिक्षा वाढली तर?’ ही धास्ती अनेकांना मागे खेचते. कैद्याने स्वतः दोषसिद्धीविरुद्ध केलेल्या अपिलात न्यायालय त्या अपिलाच्या आधारे शिक्षा वाढवू शकत नाही. शिक्षा वाढवायची असेल, तर सरकारचे स्वतंत्र अपील किंवा उच्च न्यायालयाची स्वतःहून केलेली कारवाई लागते आणि कैद्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते.

अपील प्रलंबित असताना कैद्याचा मृत्यू झाला, तर ते सहसा तेथेच संपते. परंतु मृत्युदंड किंवा कारावासाविरुद्धचे अपील असेल, तर आईवडील, पती किंवा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणीही ३० दिवसांत अर्ज करून ते पुढे चालवू शकतात. मृत व्यक्तीवरचा कलंक पुसण्याची ही संधी कलम ४३५ मध्ये आहे. तिची मुदत दुःखाच्या दिवसांतच संपते, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

वरच्या न्यायालयातही चूक होते तेव्हा

उच्च न्यायालयानंतर अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. ती हक्काची नसून न्यायालयाच्या अनुमतीवर अवलंबून असते. उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता फिरवून मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक कारावास दिला असेल, तर मात्र सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील होते. त्यानंतर अनुच्छेद १३७ खाली पुनर्विलोकन याचिका आणि २००२ च्या रूपा हुर्रा निकालाने घडवलेली क्युरेटिव्ह याचिका, असे दोन अरुंद मार्ग उरतात. मृत्युदंडाच्या प्रकरणातील पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात तीन न्यायमूर्तींनी ऐकावे, असे २०१४ पासून ठरले आहे.

हे अरुंद मार्ग किती मोलाचे आहेत, हे जालना जिल्ह्यातील एका खटल्याने दाखवून दिले. जून २००३ मध्ये भोकरदन परिसरात दरोडा, बलात्कार आणि पाच खुनांची भीषण घटना घडली. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना मृत्युदंड दिला. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांचा मृत्युदंड कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना मृत्युदंड दिला. तीन पायऱ्यांवर तीनदा दोषसिद्धी झाली होती. पुढे पुनर्विलोकनात प्रकरण नव्याने उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या आणि त्या दिशेने तपास झालाच नाही, हे त्यातून पुढे आले. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. अटकेपासून सुटकेपर्यंत सुमारे सोळा वर्षे गेली होती.

दया, माफी आणि रजा : अपिलाहून वेगळे मार्ग

अपिलात न्यायालयाचा निर्णय चुकला, असे म्हणायचे असते. दयेच्या अर्जात निर्णय मान्य करूनही शिक्षा सौम्य करण्याची विनंती असते. राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ आणि राज्यपालांना अनुच्छेद १६१ खाली हा अधिकार आहे. नव्या संहितेच्या कलम ४७२ ने मृत्युदंडातील दयेच्या अर्जासाठी ३० दिवसांची मुदत घातली आहे. ती पूर्वीच्या संहितेत नव्हती. सरकारकडून मिळणारी शिक्षेतील सूट, पॅरोल आणि फर्लो हे आणखी निराळे विषय. पॅरोलवर घरी आलेल्या कैद्याची शिक्षा बदललेली नसते.

या दोन मार्गांतला फरक मराठी माणसाला शतकापूर्वीच एका खटल्याने दिसला होता. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ज्यूरीतील सहा जणांनी दोषी आणि तिघांनी निर्दोष असे मत दिले होते. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. मॅक्स म्युलर यांच्यासह काही विद्वानांनी केलेल्या विनंतीनंतर सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. सुटका झाली, पण दोषसिद्धी तशीच राहिली. पुढे १९०८ च्या खटल्यात ती आधीची शिक्षा त्यांच्याविरुद्ध उभी राहिलीच. त्यामुळे अपिलाचा मार्ग खुला असताना केवळ माफीच्या आशेवर थांबणे किती महाग पडू शकते, हे ध्यानात यावे.

गोव्यातील कुटुंबांसाठी

अग्वाद किल्ल्यातील जुन्या मध्यवर्ती कारागृहातील कैद्यांना २०१५ मध्ये कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवण्यात आले. शिक्षा झालेल्यांचे नातेवाईक आता भेटीसाठी तेथेच जातात. पहिल्याच भेटीत निकालाची प्रत मिळाली का, हे विचारून घ्यावे. मिळाली नसेल, तर कैद्याने कारागृह अधीक्षकांकडे आणि घरच्यांनी निकाल देणाऱ्या न्यायालयाकडे लेखी मागणी करावी व तिची पोच घ्यावी. खाजगी वकील परवडत नसेल, तर त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. तो कैदी कारागृहातूनही देऊ शकतो. निकालाची तारीख, खटल्याचा क्रमांक, अटकेची तारीख आणि कोठडीतील दिवस एका वहीत लिहून ठेवावेत. आजारपण, लहान मुले, वृद्ध आईवडील यांविषयीची कागदपत्रे शिक्षा स्थगितीच्या अर्जासाठी उपयोगी पडतात.

नेमलेला वकील कोण, त्याचा दूरध्वनी काय आणि अपिलाचा क्रमांक काय, हे विचारण्याचा कैद्याला पूर्ण अधिकार आहे. अपील दाखल झाले असे तोंडी कळल्यावर समाधान मानू नये. क्रमांक मिळाला, की न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती कोणालाही पाहता येते.

होस्कोट प्रकरणातील अध्यापकाला त्या निकालातून स्वतःसाठी काहीच मिळाले नाही. त्यांची शिक्षा भोगून झाली होती आणि याचिकाही फेटाळली गेली. परंतु आज कोलवाळमध्ये एखाद्या कैद्यासमोर निकालाची प्रत ठेवून पोच म्हणून त्याची सही घेतली जाते, तेव्हा त्या सहीमागे येरवड्यातील तो हरवलेला कागद असतो. सही करण्यापूर्वी कैद्याने तारीख पाहून घ्यावी. अपिलाचे दिवस मोजताना तीच त्याच्या उपयोगी पडणार आहे.